सेवाज्येष्ठतेनुसार वाजलेली दारं

पाणीपुरवठा मंडळ, मुख्य कार्यालय
४ मार्च

ति. मामा,
सा. न.

आधी जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, तुमच्या शाखेतल्या एका कॉम्प्युटरने मंडळाच्या नेटवर्कवरचे पत्ते एकामागून एक तपासायला सुरुवात केली. याला स्कॅनिंग म्हणतात.
२. त्यातल्या बहुतेक पत्त्यांवर कोणतंही यंत्र नाही. ते पत्ते रिकामे आहेत.
३. जे रिकामे नव्हते त्यांत पंपघर चालवणारं यंत्र होतं. त्याने दाद दिली नाही.
४. मी तुमच्या शाखेची जोडणी तोडली.
५. हा कॉम्प्युटर शेवटच्या टेबलावरचा, म्हणजे टायपिस्टचा आहे.
६. मी साहेबांना अहवाल दिला. त्यात ‘ज्यावरून स्कॅनिंग दिसलं ते यंत्र’ असं लिहिलं आहे. कुणी केलं, असं लिहिलेलं नाही.

तुम्ही त्या शाखेचे अधीक्षक आहात आणि इथे नेटवर्कवर लक्ष ठेवायचं काम माझं आहे, म्हणून हे पत्र तुम्हालाच जायला हवं होतं. तुम्ही माझे मामा आहात हा योगायोग. जोडणी तोडल्यामुळे ई-मेल करता येत नाही, आणि ‘घरचं फोनवर, कामाचं कागदावर’ हा तुमचा नियम मला पाठ आहे.

स्कॅनिंग म्हणजे काय ते सोपं करून सांगते. वसाहतीत राहणारा माणूस ओळखीच्या चार घरी जातो. जो ओळीने सगळी दारं वाजवत सुटतो, आणि जिथे घरच बांधलेलं नाही अशा मोकळ्या भूखंडापुढे उभं राहूनही हाका मारतो, तो तिथला नसतो. मी मोकळ्या भूखंडांवर पाळत ठेवते. तिथे कुणाचंच काम नसतं, त्यामुळे तिथे जो येईल तो संशयित.

हे टायपिस्टने केलेलं नाही. तिच्या कॉम्प्युटरला लागण झाली आहे आणि तो बाहेरच्या कुणाच्या तरी हुकमाने दारं वाजवतो आहे. तिला कळायचा प्रश्नच नाही; तिच्यापुढचा स्क्रीन नेहमीसारखाच दिसत असणार.

तो कॉम्प्युटर बंद ठेवा. त्यातलं काही पुसू नका. त्याला बाहेरून काय काय जोडलं गेलं होतं ते कळवा.

तुमची भाची


शाखा कार्यालय
७ मार्च

चि. मोजपट्टी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मामाला आकडे घालून पत्र लिहिणारी भाची आपल्या घराण्यात तू पहिलीच. लहानपणी माझ्याकडे राहायला यायचीस तेव्हा खेळायचं सोडून फरशा मोजत बसायचीस. तेव्हा मी तुला हे नाव ठेवलं, ते तू नोकरीतही सार्थ करते आहेस.

आता कामाचं. माझ्या सबंध नोकरीत माझ्या शाखेने कुणाचं दार वाजवलेलं नाही. उलट लोकच आमचं दार वाजवतात, आणि आम्ही उघडत नाही. तरी तुझं पत्र येताच मी रीतसर चौकशी केली. पाचही जणांना, म्हणजे मला धरून पाच, माझ्या खोलीत ज्येष्ठतेनुसार उभं केलं आणि विचारलं, “कुणी वाजवली?”

उपअधीक्षक म्हणाले, “साहेब, मी माझ्या घराचंसुद्धा दार वाजवत नाही. किल्ली असते.”

हिशेबनीस म्हणाले, “मला डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायची मनाई केली आहे. मी नुसता समोर बसतो.”

नोंदणी कारकून म्हणाला की तो त्या वेळी डबा खात होता, आणि डब्यात काय होतं तेही त्याने सांगितलं.

टायपिस्ट म्हणाली, “मी पत्रं टाइप करत होते.” एवढंच. आता तूच बघ, सगळ्यांत कमी कोण बोललं.

तू लागण म्हणतेस, म्हणून उपअधीक्षकांनी तो कॉम्प्युटर भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे आणि वरून जंतुनाशकाचा ओला फडका फिरवला आहे. शेजारच्या कारकुनाने आपलं टेबल जरा लांब ओढून घेतलं. टायपिस्ट मुलगीही आता सहीच्या वहीजवळच्या स्टुलावर बसते. खबरदारी घेतलेली बरी.

बाहेरून काय जोडलं, असं विचारतेस. इथे कुणी काही जोडत नाही. तुमच्या त्या वायरवर माझा कधीच भरवसा नव्हता. माझ्या शाखेत रोजचा अहवाल वायरीतून येत नाही. सकाळी मी स्वतः फेरीला निघतो आणि प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन हाताने गोळा करतो. आधी माझा स्वतःचा, मग उपअधीक्षकांचा, मग हिशेबनिसांचा, असं करत खाली. त्यात दोन कामं होतात: अहवाल मिळतो आणि कोण आलंय कोण नाही तेही दिसतं. याच शिस्तीमुळे तुमच्या मुख्य कार्यालयाने आम्हाला ‘सुरक्षित शाखा’ म्हणून ढाल जाहीर केली आहे. महिनाअखेर तुझे साहेब ती स्वतः द्यायला येणार आहेत. तेव्हा जोडणी त्याआधी सुरू कर. ढाल घेताना शाखा बंद आहे, हे दिसायला बरं दिसत नाही.

मामी विचारते, वेळेवर जेवतेस का.

तुझा मामा


मुख्य कार्यालय
११ मार्च

ति. मामा,
सा. न.

मामीला सांगा, जेवते.

फडक्याचा उपयोग नाही, अपायही नाही. भिंतीकडे तोंड केल्याने कॉम्प्युटरला काही फरक पडत नाही. त्या मुलीला पडत असेल. तिला तिच्या टेबलावर बसू द्या. लागण खुर्चीला होत नाही.

मधल्या दिवसांत मी आमच्याकडच्या जुन्या नोंदी पाहिल्या. तुमच्या शाखेतल्या पाचही कॉम्प्युटरांनी रिकाम्या पत्त्यांवर दारं वाजवली आहेत. तुमच्यानेही. ती इतकी सावकाश आणि इतकी विखरून, की आमच्या यंत्रणेला ती चुकून लागलेली बोटं वाटली. टायपिस्टचा कॉम्प्युटर तेवढा आधी पकडला गेला, त्याचं कारण साधं आहे. बाकीचे चार सकाळी थोडा वेळ चालू असतात. तिचा दिवसभर चालू असतो, कारण शाखेचं सगळं टायपिंग तिच्याकडे येतं. जो जास्त वेळ जागा, त्याचा आवाज जास्त. आवाज तिथून आला म्हणून सुरुवात तिथून झाली असं होत नाही.

साहेबांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, “यंत्र कळलं. त्यावर बसतं कोण?” मी म्हटलं, बसण्याचा आणि लागणीचा संबंध नाही. ते म्हणाले, “संबंध मी बघतो, तू नाव सांग.” नाव त्यांच्याकडे आधीच होतं. तिचा वर्षाचा करार या महिनाअखेर संपतो, आणि नवा करायचा की नाही हे ते २८ तारखेला ठरवणार आहेत.

म्हणून दोन गोष्टी.

एक: अहवाल हाताने गोळा करता म्हणजे हातात काय असतं?

दोन: या प्रकरणात कुणाकडूनही काही लिहून घेऊ नका. खुलासा, जबाब, काहीही नको. यंत्रांबद्दल जे लिहायचं ते मी लिहीन.

तुमची भाची


शाखा कार्यालय
१३ मार्च

चि. मोजपट्टी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. त्याआधी कालच मी सगळं प्रकरण मिटवून टाकलं, तेव्हा आता काळजी करू नकोस.

नोकरीत केस पांढरे केल्यावर माणसाला एक गोष्ट कळते. वरच्या लोकांना कारण नको असतं, कागद हवा असतो. कागद मिळाला की फाइल बंद. म्हणून मी टायपिस्टला बोलावलं, समोर बसवलं आणि म्हटलं, “एक छोटा माफीनामा लिहून टाक, बाई. तुझंही डोकं शांत, माझंही.”

ती म्हणाली, “पण साहेब, मी काय केलं?”

मी म्हटलं, “काही केलं नाहीस म्हणूनच सांगतोय. केलं असतंस तर खुलासा लिहावा लागला असता, तो लांब असतो.”

मजकूर मीच सांगितला: ‘माझ्याकडून अनवधानाने जी काही दारे वाजवली गेली असतील त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे व यापुढे वाजवणार नाही.’ ती टाइप करायला निघाली; मी म्हटलं, हाताने लिही, कॉम्प्युटर भिंतीकडे आहे. लिहिताना मध्येच थांबली आणि विचारलं, “साहेब, कुठली दारं ते लिहायचं का?” मी म्हटलं, “दारं महत्त्वाची नाहीत, दिलगिरी महत्त्वाची.” अक्षर चांगलं आहे मुलीचं. मी खाली ‘सक्त ताकीद दिली आहे’ असा शेरा मारला आणि कालच्याच टपालाच्या थैलीतून तुझ्या साहेबांकडे पाठवून दिला. ताकीद अर्थात दिलेली नाही. चहा दिला.

माझा कॉम्प्युटर दारं वाजवतो, हे तू लिहिलंस ते मी थट्टा समजतो. त्याचं स्वतःचं दार उघडायला अर्धी सकाळ जाते, तो दुसऱ्याचं कधी वाजवणार?

हातात काय असतं, असं विचारतेस. हातात अधिकार असतो.

तुझा मामा


१५ मार्च, घरून

बाळ,

हे पत्र तुझ्या मामांना न सांगता लिहितेय. त्यांची पाकिटं मीच चिकटवते, तेव्हा मधे काय असतं ते मला कळतं.

म्हणे हातात अधिकार असतो. हातात ती निळी काडी असते. पेन ड्राइव्ह की काय म्हणता ना तुम्ही, ती. थंडीच्या दिवसांत तुमच्या मुख्य कार्यालयात शिबिर झालं होतं बघ, कॉम्प्युटर कसा सांभाळावा याचं. तिथे वाटल्या सगळ्यांना. वर छापलंय ‘सावध राहा’. तेव्हापासून ती चष्म्याच्या डबीत असते, आणि डबी खिशात. सकाळी निघताना मी चष्मा घेतला का विचारत नाही, काडी घेतली का विचारते. आधी स्वतःच्या कॉम्प्युटरला लावायची, मग सगळ्यांच्या, आणि ते अहवाल का काय ते तिच्यात भरून आणायचे. एकदा घरच्यालाही लावली, लग्नाचे फोटो दाखवायला. तेव्हापासून आमचा कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. मी म्हटलं, हा आजारी दिसतोय. तर म्हणाले, वय झालं त्याचं. मी म्हटलं, वय सगळ्यांचंच होतं, सगळे घरघरत नाहीत.

दुसरं सांगायचं ते हे. काल ती मुलगी आली होती. दाराशीच उभी, आत ये म्हटलं तर येईना. म्हणाली, “काकू, साहेबांना विचाराल का, मी नेमकं काय केलं? घरी वडील विचारतात. माफी मागितलीस म्हणजे काहीतरी केलं असशील, असं म्हणतात. मला सांगायला काहीतरी पाहिजे ना.” आता मी काय सांगणार? तुझे मामा आतल्या खोलीत होते. सगळं ऐकू येत होतं त्यांना, आपलं घर केवढंसं. बाहेर आले नाहीत. ती गेल्यावर जेवायला बसले. आमटीत मीठ घालायचं राहून गेलं होतं माझ्याकडून. एरवी पहिल्या घासाला ताट सरकवलं असतं. काल वाटी संपवली आणि उठले.

कळत नाही असं नाही गं. वळत नाही.

मी सांगितलं हे त्यांना सांगू नकोस. सांगितलंस तरी मी काही भीत नाही, पण नको सांगूस.

तू वेळेवर जेवतेस हे मला पटलेलं नाही.

मामी


मुख्य कार्यालय
१८ मार्च

ति. मामा,
सा. न.

तुमच्या हातात काय असतं, याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत, म्हणून ते मी नोंदींतून काढलं.

पाचही कॉम्प्युटरांनी रिकामं दार पहिल्यांदा कधी वाजवलं ते मी ओळीने मांडलं. सगळं एकाच सकाळचं आहे. पहिला तुमचा. मग उपअधीक्षकांचा, मग हिशेबनिसांचा, मग नोंदणी कारकुनाचा. शेवटी टायपिस्टचा. व्हायरसला पदं कळत नाहीत. तो नेटवर्कवरून पसरला असता तर जो पत्ता आधी सापडला तिथे आधी गेला असता. सेवाज्येष्ठतेनुसार पसरणारा व्हायरस मी पाहिलेला नाही आणि पुस्तकातही नाही. तो कुणीतरी फेरी मारत हाताने नेला. फेरी तुमच्या शाखेत एकच माणूस मारतो.

लागण आली कुठून, तेही सापडलं आहे. शिबिरात आमच्याच विभागाने निळे पेन ड्राइव्ह वाटले होते. उरलेले इथल्या कपाटात आहेत. त्यातला एक मी कशालाही न जोडलेल्या कॉम्प्युटरवर तपासला. तो कोरा असायला हवा होता. नव्हता. ज्यांना ज्यांना तो मिळाला त्यांनी घरी जाऊन ड्रॉवरमध्ये टाकला असावा, कारण दुसऱ्या कुठल्याही शाखेतून दारं वाजलेली नाहीत. आमच्या शिबिरातलं काही प्रत्यक्ष वापरणारे तुम्ही एकटेच निघालात.

हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “शिबिर यशस्वी झालं होतं. वार्षिक अहवालात फोटो आहे.” मग म्हणाले की पेन ड्राइव्हबद्दलचं वाक्य गाळ. मी गाळलेलं नाही, म्हणून अहवाल त्यांच्या टेबलावर पडून आहे.

आता त्या माफीनाम्याचं. साहेबांनी त्यावर ‘कबुली’ असा शेरा मारला आहे. नवा करार न करण्याचा मसुदा तयार आहे, फक्त २८ तारीख यायची आहे. माझा अहवाल यंत्रांबद्दल बोलतो. तिचा कागद तिच्याबद्दल बोलतो, तिच्या अक्षरात, तिच्या सहीने. दोन्ही कागद समोर असले की माणसं माणसाबद्दलचा आधी वाचतात आणि तिथेच थांबतात. फाइल बंद झाली नाही, मामा. तिच्यावर बंद झाली.

पहिल्या अहवालात मी ‘यंत्र’ लिहून थांबले होते. ते खरं होतं आणि अपुरं होतं. नवीन अहवालात क्रम लिहिला आहे, आमच्या विभागाचं नावही. पण मी फक्त कॉम्प्युटर कसे वागले ते सांगू शकते. तो माफीनामा कुणाचा, हे मी सांगू शकत नाही. ते दोघांनाच माहीत आहे, आणि त्यातल्या एकीचं आता कुणी ऐकणार नाही.

मला दोन गोष्टी हव्यात. तो पेन ड्राइव्ह, बंद पाकिटात, वर ‘कशालाही जोडू नये’ असं लिहून. आणि तुमच्या सहीचं पत्र: फेरी कोण मारतं आणि माफीनाम्याचा मजकूर कुणी सांगितला.

घरच्या कॉम्प्युटरला तो लावला असेल तर तोही बंद करा.

तुमची भाची


शाखा कार्यालय
२१ मार्च

चि. मोजपट्टी हिस आशीर्वाद.

काडी सोबतच्या पाकिटात आहे. वर तू सांगितलंस ते लिहिलं आहे. लाल शाईने लिहिलं, म्हणजे कुणी म्हणायला नको.

घरच्या कॉम्प्युटरचं तुला कसं कळलं ते मी विचारत नाही. पाकिटं यापुढे मीच चिकटवणार आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने वाचलं. मामाच्या खांद्यावर बसून जग बघितलेल्या मुलीने मामालाच रांगेत पहिलं उभं करावं, याचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना राग आणायचा प्रयत्न केला.

एक सांगतो, ते अहवालात नको. फेरीला मी तिच्या टेबलापाशी पोचलो की ती उठून उभी राहायची. बाकीचे बसल्या जागेवरून हात पुढे करायचे. ही उभी राहायची, कॉम्प्युटरपासून बाजूला व्हायची आणि म्हणायची, “लावा, साहेब.” काडी मीच लावायचो. गेले काही दिवस मी फेरी नोंदणी कारकुनापाशीच संपवतो. पुढे जात नाही.

तर तुझं म्हणणं मला मान्य आहे. पत्र मी देतो. पण अशा गोष्टी जपून लिहाव्या लागतात, आणि शब्दांत तू पक्की आहेस. म्हणून मजकूर तू पाठव, मी सही करतो. थोडं सांभाळून घे. ‘पेन ड्राइव्ह’ म्हणू नकोस, ‘साधन’ म्हण. ‘मजकूर सांगितला’ असं नको, ‘वडीलकीच्या नात्याने मार्गदर्शन केले’ असं बरं दिसेल. ‘मी’ शक्यतो टाळ, ‘शाखेकडून’ म्हण. आणि तारीख ढालीच्या कार्यक्रमानंतरची घाल. कार्यक्रम एकतीसला आहे. तीन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?

मामीचा आशीर्वाद. ती बोलत नाही माझ्याशी, पण तुला आशीर्वाद सांगितला.

तुझा मामा


मुख्य कार्यालय
२४ मार्च

ति. मामा,
सा. न.

तुमचं पत्र आणि पाकीट आज सकाळी मिळालं. पाकीट आधी साहेबांच्या टेबलावर गेलं, कारण शाखेकडून येणारं टपाल इथेही ज्येष्ठतेनुसार फिरतं.

मी पोचले तेव्हा त्यांनी ते फोडलेलं होतं. मी म्हटलं, “वर लिहिलंय.” ते म्हणाले, “वाचलं. आतल्या पेन ड्राइव्हवर काय लिहिलंय ते तू वाच. ‘सावध राहा’. आपणच छापून घेतलंय. आपल्या वस्तूत लागण असते काय? आता तुझ्यादेखत दाखवतो.” आणि त्यांनी तो स्वतःच्या कॉम्प्युटरला लावला. त्यात तुमच्या शाखेचे अहवाल दिसले. ते वाचून म्हणाले, “बघ, काही नाही. नेहमीचेच अहवाल.”

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या कॉम्प्युटरने रिकाम्या पत्त्यांवर दारं वाजवायला सुरुवात केली. नियम सगळ्यांना एकच असल्याने मी त्यांची जोडणी तोडली. आता त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते चिठ्ठी लिहितात आणि शिपायाकडून पाठवतात. आमची टेबलं समोरासमोर आहेत. पहिली चिठ्ठी अशी आली: ‘ही लागण शाखेकडून आली हे आता सिद्ध झाले. टायपिस्टच्या फाइलला जोडावे.’ मी उलट लिहिलं की तिने त्या पाकिटाला हातही लावलेला नाही. दुसरी चिठ्ठी आली: ‘कबुली आहे ना?’

म्हणजे सगळं त्या एका कागदावर येऊन थांबलं आहे.

माझा अहवाल मी आज त्यांच्या टेबलावरून उचलला आणि मंडळाच्या अध्यक्षांकडे थेट दिला. त्यात क्रम आहे आणि क्रमात पहिला कॉम्प्युटर तुमचा आहे. शिबिर आमच्या विभागाचं आहे, तेही आहे. आजचा प्रकारही आहे. तुमच्या ढालीचं काय होईल ते मला माहीत नाही. माझं काय होईल, तेही नाही. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते.

अध्यक्षांनी अहवाल वाचला. म्हणाले, “कॉम्प्युटरचं पटलं. पण मुलीने स्वतः लिहून दिलंय, त्याचं काय?” मी म्हटलं, तो मजकूर तिला सांगितलेला होता. त्यांनी विचारलं, “तुम्ही तिथे होतात?” मी नव्हते. तुमचं १३ तारखेचं पत्र माझ्याकडे आहे. ते मी दाखवलेलं नाही. तुम्ही ते भाचीला लिहिलं होतं, अध्यक्षांना नाही.

मजकूर मी पाठवणार नाही.

तिने एकदा दुसऱ्याचे शब्द आपल्या अक्षरात लिहून दिले. त्या वेळी तिला सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता. आता मी तुम्हाला मजकूर सांगितला तर तो चांगला लिहिलेला असेल, पण तुमचा नसेल, आणि कुणी विचारलं, “हे तुम्हीच म्हणता का?” तर तुम्ही माझ्याकडे बघाल. तिला बघायलाही कुणी नव्हतं.

‘साधन’ नको, ‘मार्गदर्शन’ नको. पेन ड्राइव्ह कोण घेऊन फिरत होतं आणि माफीनामा कुणी सांगितला, एवढंच लिहा. चार ओळी होतील. ‘मी’ टाळून त्या लिहिता येणार नाहीत, मी प्रयत्न करून पाहिला. तारीख ज्या दिवशी लिहाल त्या दिवशीची घाला. करार ठरणार आहे शुक्रवारी. ढाल मिळणार आहे त्यानंतर, म्हणून एकतीस तारीख मला चालणार नाही.

पत्राची एक प्रत तिलाही द्या. तिच्या वडिलांना दाखवायला.

मामीला नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी, २७ तारखेला, सकाळच्या टपालात मला मिळायला हवं. लिहिणार नसाल तर तसंही कळवा, पण गुरुवारपर्यंत उत्तर पाठवा.

तुमची भाची